तापट सेंटर फॉरवर्डला कप्तान करावं का? धनराजच्या कारकिर्दीवरून एक लांबलचक उत्तर

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शाळेत क्रीडाशिक्षक आहात आणि १७ वर्षांखालच्या मुलांचा हॉकी संघ बांधताय. संघातला सगळ्यांत तयार पोरगा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळतो, पण डोक्यानं गरम आहे. पास आला नाही की हातवारे करतो, शिट्टी विरोधात गेली की पंचांपुढे जाऊन उभा राहतो. मुख्याध्यापकांचं म्हणणं, हा कप्तान झाला तर शाळेची अब्रू घालवेल. मुलाचे वडील म्हणतात, धनराज पिल्ले काय कमी तापट होता? तरी देशाचा कप्तान झालाच ना! त्यावर मुख्याध्यापक म्हणाले, झाला, पण ऑलिंपिकचं एक पदक तरी आणलं का? आणि तुम्ही विचारताय की धनराज कप्तान म्हणून खरंच मोठा होता, की नुसता खेळाडू म्हणून मोठा होता.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. धनराजची कारकीर्द कशी मोजायची हा एक, आणि तुमच्या पोराच्या दंडावर कप्तानाचा पट्टा बांधायचा का हा दुसरा. मी पुणे-पिंपरी भागात बरीच वर्षं मुलांना हॉकी शिकवतोय. धनराज ज्या खडकीतून आला तिथली पोरंही हाताखालून गेली आहेत, म्हणून दोन्हींवर बोलतो. तुमचा मुलगा मात्र मी पाहिलेला नाही. त्याचा राग कोणावर निघतो, संघातली बाकीची मुलं त्याला मानतात की नुसती घाबरतात, तुमच्याकडे सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध कोण आहे, या गोष्टींवर बरंच काही ठरतं आणि त्या तुम्हालाच ठाऊक. तेवढं सोडून जे सांगता येईल ते सांगतो.

पदकाचा वाद आधी मिटवून टाकू. धनराज डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया कपात भारताकडून पहिल्यांदा उतरला आणि ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्सला थांबला. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. ऑलिंपिकमध्ये भारत बार्सिलोनात सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत सातवा आणि अथेन्समध्ये पुन्हा सातवा. आता मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, या चार ऑलिंपिकमध्ये कप्तान कोण होतं? बार्सिलोना आणि अटलांटाला परगट सिंग, सिडनीला रमणदीप सिंग, अथेन्सला दिलीप तिर्की. धनराज एकाही ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान नव्हता. चार विश्वचषकांपैकीही कप्तान म्हणून तो एकच खेळला, १९९८ चा उट्रेख्टचा, आणि त्यात भारत नववा आला. ते अपयश त्याच्या खात्यावर मांडा, हरकत नाही. पण ऑलिंपिक पदक नाही म्हणून तो कप्तान कच्चा, हे गणित मुळातच चुकीचं आहे.

बरं, ज्या स्पर्धांत पट्टा त्याच्या दंडावर होता तिथं काय झालं? उट्रेख्टमध्ये नववा क्रमांक, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९६६ नंतर ३२ वर्षांनी मिळालेलं. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला आणि पेनल्टी स्ट्रोक्सवर गोलकीपर आशिष बल्लाळनं तो काढून दिला. स्पर्धेत सर्वाधिक गोल धनराजचे. पुढे २००२ च्या कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कांस्यपदकाचा सामना मात्र पाकिस्ताननं ४-३ असा नेला. मग २००३ मध्ये क्वालालंपूरला आशिया कप. भारतानं तोवर तो कधीच जिंकला नव्हता. अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ हरवलं तेव्हा धनराज ३५ वर्षांचा होता, आणि संघाचा हुकमी ड्रॅग फ्लिकर, म्हणजे शॉर्ट कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलात फेकणारा, जुगराज सिंग स्पर्धेच्या तोंडावर मोटार अपघातात जखमी होऊन बाहेर गेला होता.

एकाच वर्षात नववा क्रमांक आणि सुवर्ण, कप्तान तोच. यावरून कप्तानाबद्दल काय म्हणायचं? माझं मत असं की फार काही म्हणता येत नाही. आशियाई स्पर्धेत हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया नसतात हे एक. बँकॉकला प्रशिक्षक महाराज किशन कौशिक यांनी संघ चांगला बांधला होता हे दुसरं. आणि गोलकीपरनं स्ट्रोक अडवले हे तिसरं. हॉकीत कप्तानाचा हात किती लांब पोचतो हे आपण क्रिकेटच्या मापानं मोजतो, तिथं घोळ होतो.

क्रिकेटचा कप्तान प्रत्येक षटकाला निर्णय घेतो. गोलंदाज कोण, क्षेत्ररक्षण कसं, सगळं त्याच्या हातात. हॉकीत आत कोण, बाहेर कोण, हे बाकावरून प्रशिक्षक ठरवतो. आता तर आंतरराष्ट्रीय सामना १५-१५ मिनिटांच्या चार भागांत होतो, म्हणजे प्रशिक्षकाला मध्ये तीनदा संघ समोर बसवून बोलता येतं. धनराजच्या काळात ३५-३५ मिनिटांचे दोन भाग असत आणि मध्यंतर एकच. त्या ३५ मिनिटांत खेळ बिघडला तर आतल्या माणसांनीच सावरायचा. त्या अर्थानं तेव्हाच्या कप्तानावर आजच्यापेक्षा जास्त भार होता. नियमांत कप्तानाचं काम फार थोडक्यात लिहिलंय: दंडावर पट्टा बांधायचा, आपल्या संघाच्या वागणुकीला जबाबदार राहायचं आणि खेळाडूंची अदलाबदल नीट होतेय याकडे लक्ष द्यायचं. यात कसूर झाली तर कार्ड कप्तानाला. तुमच्या पोराच्या संदर्भात हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिवाय फॉरवर्डनं कप्तान असण्याची एक अडचण आहे, जी बाहेरून पाहणाऱ्याला चटकन दिसत नाही. फॉरवर्डची पाठ बहुतेक वेळ आपल्या संघाकडे असते. मागं हाफलाइनमध्ये, म्हणजे मधल्या फळीत भगदाड पडलंय हे त्याला उशिरा कळतं. आणि शॉर्ट कॉर्नरचं बघा, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारा, गोललाइनवरून चेंडू आत देऊन सुरू होणारा हल्ला. आपल्यावर शॉर्ट कॉर्नर लागला की गोलकीपर धरून पाच जण गोललाइनच्या मागे आणि बाकीचे सहा थेट मधल्या रेषेपलीकडे. सेंटर फॉरवर्ड तिकडे. म्हणजे संघ सगळ्यांत अडचणीत असतो तेव्हा कप्तान अर्धं मैदान लांब उभा राहून नुसता बघत असतो. चेंडू मारणाऱ्यावर धावून जाणारा पहिला रशर कोण, पोस्टवर कोण, कीपरनं लोळायचं की उभं राहायचं, हे ओरडून सांगणारा दुसराच कुणीतरी लागतो.

म्हणूनच बरेच प्रशिक्षक पट्टा हाफला किंवा फुल बॅकला देतात. १९७५ चा विश्वचषक आणणारा अजितपाल सिंग सेंटर हाफ. मॉस्को ऑलिंपिकचा वासुदेवन भास्करन हाफ. टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं तेव्हाचा मनप्रीत हाफ, पॅरिसचा हरमनप्रीत बचावफळीतला. पण म्हणून हा नियम करू नका. ध्यानचंद १९३६ ला कप्तान होते, १९५६ ला बलबीर सिंग थोरले, दोघंही सेंटर फॉरवर्ड आणि दोघांकडेही सुवर्ण. बँकॉकच्या आधीचं ते १९६६ चं आशियाई सुवर्ण तर शंकर लक्ष्मण या गोलकीपरच्या नेतृत्वाखाली आलेलं. म्हणजे दोन लागोपाठच्या सुवर्णांमध्ये एकदा कप्तान मैदानाच्या या टोकाला आणि एकदा त्या टोकाला. जागेवरून कप्तान ठरत नाही. जागेवरून एवढंच ठरतं की त्याला मदत कुठे लागेल.

मग धनराजकडे असं काय होतं, की फॉरवर्ड असूनही तो ओढून न्यायचा? इथं त्याच्या खेळाबद्दल जरा सविस्तर बोलू द्या, कारण नव्या मुलांना तो फक्त व्हिडिओत लांब केसांचा एक माणूस म्हणून माहीत असतो.

खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तो वाढला. घर तमिळ. वडील नागलिंगम मैदानाची निगा राखण्याचं काम करायचे. आई अंडालम्मा हिचा आग्रह असायचा की पोरांनी हॉकी खेळावं. पाच भावांत नवी स्टिक घ्यायची ऐपत नव्हती. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेली, तडा गेलेली स्टिक सुतळी गुंडाळून आणि चिकटवून वापरायची, चेंडूही टाकून दिलेलेच. आदर्श कोण, तर मोहम्मद शाहिद. आता अशा कच्च्या मैदानावर काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. चेंडू सरळ येतच नाही. खडा लागला की उडतो, ओल्या जागी अडतो. त्यामुळे पोरं स्टिक घट्ट धरून चेंडू थांबवत नाहीत, मनगट ढिलं ठेवून चेंडू आला तसा गिळतात आणि पुढच्या क्षणी दिशा बदलतात. चेंडू स्टिकपासून वीतभरही लांब जाऊ द्यायचा नाही ही सवय तिथंच लागते. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर शिकलेल्या मुलांना ट्रॅपिंग, म्हणजे चेंडू स्टिकवर अडवणं, सुबक येतं, पण चेंडू अचानक उडाला की ती गांगरतात. धनराजकडे ती मातीवरची मनगटं होती आणि वर टर्फवर लागणारा वेग होता. हे दोन्ही एकत्र क्वचित मिळतं. आपल्याकडचे बरेच कलाकार डॉज करताना थांबायचे. हा पूर्ण पळत असताना चेंडू डावी-उजवीकडे हलवायचा.

पुढची पायरी मुंबई. थोरला भाऊ रमेश तिथं आरसीएफ या खत कंपनीच्या संघाकडून खेळत होता, तो स्वतः भारताकडूनही खेळला. त्याच्यामागं धनराज गेला. जोकिम कार्व्हालो यांनी त्याला हेरलं आणि तो महिंद्राकडून खेळू लागला. नंतर इंडियन एअरलाइन्स. परदेशात लंडनच्या इंडियन जिमखान्यापासून फ्रान्समध्ये ल्यों, जर्मनीत स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले क्लब, ढाक्याचा अबाहनी असे बरेच क्लब त्यानं खेळले. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात एकच भारतीय होता, तो हाच.

आता गोलांचं. त्याच्या गोलांची अधिकृत नोंद कोणी ठेवलीच नाही. साधारण १७० हा आकडा सांगितला जातो, तोही त्याच्या स्वतःच्या अंदाजावरून. आपल्या हॉकीचा कारभार कसा चालायचा हे यावरून समजून घ्या. पण मला त्याचे गोल हे त्याचं मुख्य काम वाटतच नाही. तो मधल्या रेषेजवळ चेंडू घ्यायचा, दोन-तीन जणांना अंगावर ओढायचा आणि डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात घुसून एकतर मुकेश कुमार, बलजित धिल्लों, पुढे गगन अजित, दीपक ठाकूर, प्रभज्योत यांच्यासारख्यांना चेंडू सोडायचा, नाहीतर बचावपटूच्या पायावर चेंडू आदळवून शॉर्ट कॉर्नर घ्यायचा. तो शॉर्ट कॉर्नर खात्रीनं गोलात घालणारा माणूस आपल्याकडे बराच काळ नव्हता. जुगराज आला तेव्हा धनराजची कारकीर्द संपत आली होती. १९९० च्या दशकातल्या आपल्या हुकलेल्या निकालांचं निम्मं कारण मला यातच दिसतं. कप्तान कोणीही असता तरी ते तसंच राहिलं असतं.

त्याचं नेतृत्व पाहायचं असेल तर त्याच्याकडे चेंडू नसतानाचा खेळ बघा. चेंडू हिसकावला गेला की तो वळून त्या माणसाच्या मागं पळायचा, तिशी उलटल्यावरसुद्धा. सेंटर फॉरवर्ड स्वतः मागं पळतोय म्हटल्यावर शेजारच्या फॉरवर्डला आणि हाफला कमरेवर हात ठेवून उभं राहायची सोयच राहत नाही. फॉरवर्ड कप्तान बोलून फार काही करू शकत नाही, त्याची पाठ संघाकडे असते. त्यानं पळून दाखवायचं, आणि हे धनराज करायचा. माझ्याकडच्या मुलांना मी त्याचे गोल दाखवत नाही. चेंडू गमावल्यानंतरची चार-पाच सेकंद दाखवतो.

याची दुसरी बाजू २००३ च्या ॲम्स्टेलव्हेनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत दिसते. त्या स्पर्धेत भारतानं पाकिस्तानला ७-४ असं हरवलं. आणि त्याच स्पर्धेत हॉलंडविरुद्ध ३-० अशी आघाडी असताना शेवटी ३-४ असे हरलो. दोन्ही सामन्यांत पुढं तोच कप्तान. गोल हवे असतात तेव्हा असा कप्तान सगळा संघ पेटवतो. पण तीन गोल खिशात असताना खेळ थंड करायचा, चेंडू मागं फिरवायचा, समोरच्याला चिडू द्यायचं, हे पुढून होत नाही. ते मागच्या फळीतल्या डोकं शांत असणाऱ्या माणसाचं काम आहे. हे माझं वाचन आहे, त्या संघातला कोणी वेगळं सांगेलही. पण तुमच्या शाळेच्या संघाला ते जसंच्या तसं लागू पडतं.

आता राग. वडिलांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. धनराज तापट होता हे खरंच, रडायचाही चारचौघांत. सिडनीत पोलंडविरुद्ध जिंकलो असतो तर उपांत्य फेरी होती. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पोलंडनं बरोबरीचा गोल केला आणि सगळं गेलं. तेव्हाचा त्याचा चेहरा ज्यांनी टीव्हीवर पाहिलाय ते विसरलेले नाहीत. पण त्याचा राग कुणावर होता हे नीट बघा. १९९८ मध्ये परदेश दौऱ्याच्या आधी संघाचे भत्ते मिळाले नाहीत म्हणून तो बोलला. बँकॉकला सुवर्ण जिंकल्यावर सोयी आणि मानधन यांवर पुन्हा बोलला. त्यानंतरच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्याच्यासह सात ज्येष्ठ खेळाडू संघात नव्हते. अधिकृत कारण विश्रांती. ३२ वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या संघाला ही विश्रांती कशासाठी, हे कोणाला सांगायला लागलं नाही. कौशिकही गेले.

माझं स्पष्ट मत आहे की त्याचं ते बोलणं कप्तानाचंच काम होतं. कनिष्ठ पोरांचे पैसे अडकलेत आणि कप्तान गप्प, असा कप्तान काय कामाचा? बोलण्याची पद्धत वेगळी असती तर त्याला स्वतःला कमी त्रास झाला असता, हेही खरं. पण त्या काळात हॉकी महासंघाचे दरवाजे सभ्यपणे ठोठावून उघडत होते असं मानायला मला काही आधार सापडत नाही. नंतर २००४ मध्ये अथेन्सच्या तोंडावर राजिंदर सिंग यांना काढून गेरहार्ड राख या जर्मन प्रशिक्षकाला आणलं गेलं. त्या ऑलिंपिकमध्ये धनराजला मैदानावर फारच थोडा वेळ मिळाला. तिथंच कारकीर्द संपली. खेलरत्न आणि पद्मश्री त्याच्याकडे आहेत, पुढच्याच वर्षी प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्सचा कप्तान म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण भारताकडून निरोपाचा सामना म्हणावा असं काही झालं नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथवर असं झालं: धनराज पुढून ओढणारा कप्तान होता. त्याच्या हाती संघ असताना दोन मोठी विजेतेपदं आली, एक विश्वचषक वाईट गेला, आणि ऑलिंपिकचा ठपका त्याच्यावर कप्तान म्हणून लागत नाही. त्याचा राग बहुतेक वेळा आपल्या माणसांसाठी होता.

आता तुमचा पोरगा. वडिलांना धनराजची तुलना फार आवडली असेल, पण तुम्ही ती एकाच जागी लावून बघा. हा मुलगा कोणावर चिडतो? तुमच्या वर्णनात दोन गोष्टी आहेत, पास न देणाऱ्या सोबत्यावर हातवारे आणि पंचांशी वाद. या दोन्ही मी वेगवेगळ्या धरीन.

सोबत्यावर हातवारे करणं मला जास्त खटकतं. सोळा वर्षांच्या लेफ्ट हाफनं चुकीचा पास दिला आणि पुढून कप्तानानं सगळ्यांदेखत हात उडवले, की तो लेफ्ट हाफ पुढच्या वेळी अवघड पास देतच नाही. सरळ साइडलाइनला मारून मोकळा होतो. तीन सामन्यांत तुमचा डावीकडून होणारा हल्ला बंद पडतो आणि कारण कुठल्याच स्कोअरशीटवर दिसत नाही. हे तपासायला सोपं आहे. सरावात दोन संघ पाडा आणि त्याला मुद्दाम कच्च्या मुलांबरोबर टाका. तो त्यांना चेंडू मागायच्या जागा दाखवतो, त्यांच्यासाठी मागं पळतो, की तोंड वाकडं करून उभा राहतो? एक-दोन आठवडे बघा. पहिलं दिसलं तर बाकीचं जमवता येईल. दुसरं दिसलं तर या वर्षी पट्टा देऊ नका, गोल कितीही मारू देत.

पंचांशी वाद हा त्यामानानं सुधारता येणारा दोष. या वयात बऱ्याच चांगल्या मुलांत असतो. त्याला तोटा मिनिटांत समजावून सांगा, उपदेश करू नका. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे किमान पाच. तेवढा वेळ संघ दहा जणांचा, आणि बाहेर बसलेला तुमचा सगळ्यांत चांगला फॉरवर्ड. तो कप्तान असेल तर त्या वेळेपुरता पट्टा दुसऱ्याच्या दंडावर बांधावा लागतो. मी सरावात पंच म्हणून मुद्दाम चुकीची शिट्टी देतो, डीच्या टोकावर, जिथं सगळ्यांत जास्त झोंबते. जो मुलगा हात वर करतो त्याला बाहेर काढतो आणि खेळ तसाच सुरू ठेवतो. त्याच्या संघावर त्या दोन मिनिटांत गोल झाला की मला वेगळं काही बोलावं लागत नाही. हेही शिकवा की शिट्टीनंतर वाद घालण्याऐवजी चेंडूपासून पाच मीटर मागं सरायला जो आधी धावतो तोच पुढचा चेंडू अडवतो.

त्यातून तो कप्तान व्हायच्या लायकीचा ठरला, तर एकट्याच्या गळ्यात सगळं घालू नका. उपकप्तान सेंटर हाफला किंवा फुल बॅकला करा, आणि असा मुलगा निवडा जो मोठ्यानं बोलतो पण चिडत नाही. शॉर्ट कॉर्नरच्या वेळी शब्द त्याचाच. आघाडी असताना खेळ हळू करायचा निर्णयही त्याचाच, आणि पंचांना काही विचारायचं असलं तर तेही त्यानंच. सेंटर फॉरवर्ड कप्तानाकडे काम उरतं ते नाणेफेक, मध्यंतरातला पहिला शब्द, आणि चेंडू गमावल्यावर पहिल्यांदा मागं वळायचं. नवखी मुलं संघात असतील तर हे वाटप सगळ्यांसमोर सांगा, नाहीतर दोघंही एकाच वेळी ओरडतात आणि कीपर गोंधळतो.

आणखी एक, जे बहुतेक शाळांमध्ये राहून जातं. मुलांच्या तक्रारी कप्तानानं तुमच्यापर्यंत आणायची एक ठरलेली वेळ ठेवा. बूट फाटलेत, कीपरचं पॅड सुटतंय, बसचे पैसे कोणाकडून घेतले, सरावानंतर चहा-बिस्किटं मिळतात का, असल्या गोष्टी. त्या ऐकल्या जातात हे पोरांना दिसलं पाहिजे. तापट मुलाच्या हाती हे काम दिलं की कधीकधी तो एकदम जबाबदार होतो, कारण आता त्याला दुसऱ्यांच्या वतीनं बोलायचं असतं. प्रत्येकाचं असं होईलच याची खात्री मी देत नाही. काही मुलं त्याचीही मिजास करतात, मग ते काम काढून घ्यायचं.

मुख्याध्यापकांशी बोलताना धनराजला मध्ये आणूच नका, वाद लांबेल. त्यांना शाळेच्या नावाची काळजी आहे, ती खोटी नाही. त्यांना सांगा की जिल्हा पातळीच्या आधी जे मैत्रीचे सामने आहेत त्यांत तो कप्तान असेल, आणि तेवढ्यात वागण्यावरून एक जरी कार्ड पडलं तर नेहरू कप या शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेत नाव उपकप्तानाचं जाईल. हीच अट मुलासमोर आणि त्याच्या वडिलांसमोर, दोघांना एकत्र बसवून सांगा. वडिलांना वेगळं आणि मुलाला वेगळं सांगितलं की घरी जाऊन त्याचे दोन अर्थ होतात.

तुमचं मैदान मातीचं आहे की जवळपास टर्फ मिळतं, आणि सेंटर हाफ कसा आहे, हे कळवलंत तर उपकप्तानाबद्दल आणि शॉर्ट कॉर्नरच्या रचनेबद्दल नेमकं काहीतरी सांगता येईल. मातीवर सराव करून टर्फवर सामना खेळायला जाणार असाल तर निदान एक दिवस आधी पोचा. टर्फवर पाणी मारलेलं असलं की चेंडू मातीपेक्षा खूप लवकर अंगावर येतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत ट्रॅप सुटायला लागले की तापट मुलं सगळ्यांत आधी बिथरतात.